पाच जोड हातमोजे

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

हातमोजा फाटला नाही — फुगला!

दवाखान्यात वापरतात तसला पातळ, पांढरट रबरी मोजा घालून मी पेटीवर रंग काढायचा द्राव लावत होतो. पाच मिनिटांत बोटे सुरकुतली, रबर लोंबू लागले, आणि डाव्या अंगठ्याशी असे काही पोळले की ब्रश टाकून नळाकडे धावलो. त्या अंगठ्यावर जुना तिरपा व्रण आहे. विद्यार्थिदशेत बोरू तासताना चाकू लागला होता, त्याचा. सारा हात सोडून द्रावाने नेमकी तीच जागा धरली.

हे उपद्व्याप का, तेही लिहून ठेवतो. पुढे वाचताना क्रम लागावा.

गेल्या गुरुवारी आमचा मुलगा तालिब आम्हा दोघांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आपल्या आईचे स्मरण ढळू लागले आहे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. पुरावा म्हणून त्याने पेटीची गोष्ट सांगितली. लग्नात अमिनाबीच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने घडवून दिलेली ही सागवानी पेटी. तिच्या दर्शनी फळीवर डाळिंब टोचणारे दोन पोपट कोरलेले आहेत आणि ते हिरव्या रंगाखाली गेले आहेत, असे अमिनाबी हल्ली ठामपणे सांगते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "सर, आपल्याला आठवतात पोपट?"

मी म्हणालो, "नाही. सेहेचाळीस वर्षे ही पेटी माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यावर पोपट कधीही नव्हते."

त्यांनी ते लिहून घेतले. पुढची भेट बारा डिसेंबरला. त्या दिवशी डॉक्टरांनी मान डोलावली की स्वयंपाकघर अमिनाबीच्या हातून काढून घ्यायचे आणि दिवसभरासाठी बाई ठेवायची, हे तालिबने ठरवून टाकले आहे.

परतताना रिक्षात अमिनाबी एवढेच बोलली — "खरवडून बघा की! ईदचा चाँद दिसल्याची साक्ष मशिदीत दोघा-दोघांकडून घेता तुम्ही. माझ्या पोपटांना एकाच्या 'नाही'वर उडवून लावलंत."

(घरात आम्ही दख्खनी बोलतो. रोजनिशी पहिल्यापासून मराठीत. तिचे शब्द इथे मराठीतच उतरवतो.)

तिचे म्हणणे न्यायाचे आहे. साक्ष दिली, आता ती तपासली पाहिजे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नवीच अडचण. कालच्या हिरव्या रंगाचा पातळ थर नखांवर आणि बोटांच्या पेरांवर बसून राहिला आहे. त्याखाली पाणी पोचत नाही. पाणी पोचले नाही तर नमाजेआधीचा वजू पुरा होत नाही. पहाटे फजरच्या नमाजेआधी वीस मिनिटे खोबरेल तेल आणि डाळीचे पीठ घेऊन बोटे घासली. अमिनाबी दारात उभी. "सत्तरी ओलांडल्यावर नवऱ्याच्या नखांना रंग लागलेला बघायचं नशिबात होतं!"

तेव्हा चांगला हातमोजा ही केवळ कातडीची गरज नाही, माझ्या पाच वेळच्या नमाजेचीही आहे. शिवाय दिवसातून पाचदा धुतलेली कातडी कोरडी पडते. तिच्यातून द्राव अधिकच आत शिरत असावा. कोणाला विचारावे? श्यामलाबाईंना. आमच्याच महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. मी फारसी शिकवत असे; स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या.

फोनवर म्हणाल्या, "सर, आपण फारसी शिकवत होतात तेच बरं होतं. त्यात कोणाचा अंगठा जळत नव्हता."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रविवार पेठेत जाऊन आलो. सुरक्षेचे सामान विकणारे रंगनाथशेठ पन्नास प्रकारचे हातमोजे टांगून बसलेले. चामड्याचे, सुती, ठिपकेवाले, कोपरापर्यंतचे! माणसाने आपले दोन हात वाचवण्यासाठी केवढा विचार केला आहे!

"रंग काढायच्या द्रावाला कोणता चालेल?"

"हा निळा घ्या. नायट्राइल. यातून काही म्हणजे काही जात नाही."

"आपण करून पाहिले आहे?"

"काका, मी विकतो. करून गिऱ्हाईक बघतं."

प्रामाणिक उत्तर. एक जोड घेतला. पण आता अंगठ्याऐवजी परीक्षा वेगळ्या रीतीने घ्यायची. मोज्याचे एक बोट कापले, त्यात दोन चमचे द्राव ओतला, तोंड दोऱ्याने बांधले आणि गॅलरीत कपड्यांच्या दोरीला लटकावले. बाहेरून थर्माकोलचा पातळ तुकडा बांधला. द्राव झिरपला तर थर्माकोल खचेल. घड्याळापेक्षा तसबीह हाताशी होती. जप मोजमापासाठी वापरावा का, याचा क्षणभर विचार केला. मग दोन्ही व्हावे अशी नियत केली. शंभर मण्यांचा एक फेरा शांतपणे केला तर दोन मिनिटे होतात.

दूध गॅसवर ठेवून गॅलरीत आलो, कारण मध्ये उठायचे नव्हते.

दुसऱ्या फेऱ्याच्या साठाव्या मण्याला थर्माकोलवर खळगा! निळ्या मोज्याला भोक नाही, चीर नाही, आणि द्राव बाहेर. किती आश्चर्य!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

तालिब जुम्याच्या नमाजेनंतर घरी आला. दुधाचे पातेले काळेठिक्कर पाहून म्हणाला, "अब्बा, आता तरी पटलं? अम्मी गॅस चालू ठेवून विसरते." अमिनाबीने पातेले उचलून घासायला घेतले. काल तिच्या हातून दूध जळाले खरे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज दोरीवर चार बोटे टांगली: निळे पातळ, निळे जाड, घरात भांडी घासायचे गुलाबी आणि जुने पांढरे. अमिनाबी मोड आलेली मटकी निवडत गॅलरीच्या दाराशी बसली होती. मान न वळवता म्हणाली, "गुलाबी गेला." थर्माकोल अजून सपाट होता. मणी मोजत राहिलो. तीस मण्यांनंतर गुलाबी बोटावरचा थर्माकोल खचला!

मग पांढरा, मग पातळ निळा, शेवटी जाड निळा. चारही वेळा तिचे नाक थर्माकोलच्या पुढे. असा परीक्षक कोणत्या प्रयोगशाळेत मिळेल?

विचारले, "पोपट कसे होते, सांग पाहू."

"उजवीकडचा डाळिंब टोचतोय. डावीकडच्याची मान मागं वळलेली. अब्बांनी तोही पुढं बघणारा काढला होता. पण चोचीच्या जागी लाकडात गाठ निघाली, छिन्नी घसरली. मग त्यांनी मानच फिरवली. म्हणाले, हा रुसलाय. मी सोळा वर्षांची होते, हसून हसून पोट दुखलं."

रचलेल्या आठवणीत लाकडाची गाठ येते का? हा प्रश्न आज मला सोडत नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

विश्रांतवाडीहून कर्वेनगर. दोन बस बदलल्या. श्यामलाबाईंनी चहा दिला आणि माझा अंगठा उलटसुलट करून पाहिला.

"भोक दिसत नाही म्हणजे गळत नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं, सर? रेणूला भोक लागत नाही. तो रबरात विरघळतो, आतल्या आत चालत पलीकडे जातो आणि बाहेर पडतो. मोजा वरून कोराच्या कोरा."

"म्हणजे वाट न मोडता प्रवास."

"आपण त्याला काहीही म्हणा. अंगठा जळतोच."

द्रावाच्या डब्यावरची बारीक अक्षरे त्यांनी भिंगातून वाचली: मिथिलीन क्लोराइड. भुवया वर गेल्या. "गॅलरीत करता ना? बंद खोलीत करू नका. याची वाफ जड असते. माणूस बसल्या जागी संपतो, आणि बाकीचे म्हणतात, डुलकी लागली होती." जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा कोरडा घासकागदही मारू नये, हेही सांगितले.

त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने कारखान्यातून आणलेला जोड त्यांनी मला दिला. पीव्हीए म्हणून काही पदार्थ आहे, त्याचा. या द्रावापुढे तो तासन्‌तास टिकतो. मात्र त्याला पाण्याचे वावडे. पाण्यापासून जपा, असे बाई दोनदा म्हणाल्या.

बसमध्ये विचार करत आलो. प्रत्येक मोज्याला कशाचे तरी वावडे आहे. सर्वांपासून राखणारा असा एकही नाही!

२८ नोव्हेंबर, गुरुवार

अनर्थ! दुपार उतरताना असरचा वजू केला, हात ओलेच होते, आणि उन्हे उतरण्याआधी थोडे काम उरकावे म्हणून तसाच पीव्हीएचा मोजा चढवला. बाहेरून रंग लागला तोही नळाखाली धुतला. पाहता पाहता मोजा बुळबुळीत झाला, भिजलेल्या साबुदाण्यासारखा!

संतापाने श्यामलाबाईंना फोन केला. "बाई, पाणी चालत नाही हे एका शब्दाने सांगितले असतेत तर!"

बाईंनी माझे बोलणे पुरते ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बरं. माझंच चुकलं, सर."

बाईंच्या तोंडून हे वाक्य मी तीस वर्षांत ऐकले नव्हते. वय झाले त्यांचेही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

श्यामलाबाईंचा आपण होऊन फोन. आवाज फार मऊ. "सर, आपण उलट्या बाजूने निघालो आहोत. मोजा शोधण्याआधी द्राव बदला. इतका जहाल हवाच कशाला? बेन्झिल अल्कोहोलचा लेप मिळतो. रात्रभर झाकून ठेवायचा. सावकाश काम करतो, पण हातांना सांभाळता येतो. त्याला ब्यूटिल रबराचे हातमोजे. ते पाण्यालाही भीत नाहीत. आपल्या वजूची काळजी मिटली."

मी अडखळलो. "अल्कोहोल?"

"पिण्याचं नाही हो, सर! नावावर जाऊ नका. आणि चुकून प्यायलातच, तर धार्मिक प्रश्न आपल्यापुरता कायमचा सुटेल."

खूप दिवसांनी मोठ्याने हसलो. पण म्हणणे केवढे मार्मिक! ढाल निवडण्याआधी शस्त्र बदला. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला हे सुचले नसते.

फोन ठेवताना म्हणाल्या, "सर, हे सगळं लिहून ठेवता ना रोजच्या रोज? ठेवत जा. आणि मधूनमधून वाचतही जा." रोजनिशी लिहिणारा ती वाचत नाही, हे त्यांना कोणी सांगितले?

३० नोव्हेंबर, शनिवार

रंगनाथशेठकडून ब्यूटिलचे हातमोजे आणले. काळे, जाड, मऊ. बोट कापून टांगले. तसबीहीचे तीस फेरे झाले तरी थर्माकोल जसाच्या तसा, आणि अमिनाबीचे नाकही गप्प. उत्तीर्ण! पण परीक्षेत एका हाताचे बोट गेले. सोमवारी आणखी एक जोड आणावा लागेल.

२ डिसेंबर, सोमवार

सकाळी दुसरा जोड आणला आणि कपाटाच्या खणात ठेवायला गेलो, तर तिथे अगदी तसाच नवा जोड! पिशवीही त्याच दुकानाची. श्यामलाबाईंनी पाठवला असावा. विचारले, म्हणाल्या, नाही. मग तालिबने आणला असेल. मुलगा वरून कडक, आतून हळवा आहे.

दुपारी लेप लावला. वर प्लास्टिक अंथरून कडा चिकटवल्या.

३ डिसेंबर, मंगळवार

फजरनंतर प्लास्टिक उचलले. रंग सायीसारखा सुटला! पत्र्याच्या पट्टीने सरकवत गेलो. पहिला हिरवा, त्याखाली पिवळसर, त्याखाली पुन्हा हिरवा, जुना, गडद. हात आत कोरडे, बोटे सुखरूप. त्याखाली लाकूड येईल या अपेक्षेने वाकलो, तर पांढरे! सुतार फटी बुजवतात ती लांबी. फळीच्या मधोमध हातभर जागा लांबीने भरलेली.

सपाट फळीला कोणी एवढी लांबी भरत नाही.

अमिनाबीला हाक मारली. ती आली, बसली, पाहिले. "म्हणजे आहेत," एवढेच म्हणाली. आवाजात विजय नव्हता. उलट, घाबरल्यासारखी वाटली.

"कोणी बुजवले असतील?"

"रंग देणाऱ्यानं. कोणीतरी. आता राहू द्या ना, झालं. आहेत एवढं कळलं."

४ डिसेंबर, बुधवार

राहू दिले नाही. जिज्ञासा हा माझा सर्वांत जुना दोष. बांबूची काडी तासून घेतली आणि लांबी कणाकणाने उकरत गेलो.

दहा वाजता डाळिंब. त्याचे फुटलेले तोंड, आतले दाणे मोजता येतील असे. साडेअकराला उजवा पोपट. दुपारी जोहरनंतर डाव्याची पाठ, पंख, आणि मान — मागे वळलेली! चोचीच्या जागी लाकडात काळी गाठ. छिन्नी घसरल्याची रेघसुद्धा. तिने सांगितले त्यात केसभर फरक नाही.

"अमिनाबी, रुसलेला सापडला!" मी लहान पोरासारखा ओरडलो.

फळीचा खालचा डावा कोपरा तेवढा उरला होता. तिथे बुजवणाऱ्याचा घासकागद पोचला नव्हता. लांबी भरताना जशी दाबली तशीच वाळलेली. तिच्यात एका अंगठ्याचा ठसा उमटला होता. स्वच्छ. ठशातून गेलेली एक तिरपी रेघ.

हातमोजा काढला. डावा अंगठा ठशात ठेवला.

बसला.

४ डिसेंबर, संध्याकाळी मगरिबनंतर

तिला विचारले. या वेळी तिने टाळले नाही.

"लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. तुम्ही म्हणालात, आपण या खोलीत नमाज पढतो, इथं जिवंत प्राण्यांच्या आकृत्या नकोत. मी म्हटलं, चादर टाकते वरून. तुम्ही म्हणालात, चादर सरकते. मग बाजारातून लांबी आणलीत, रंग आणलात. दिवसभर बसून बुजवलेत. आवडीनं केलंत हो, रागानं नाही."

"आणि तुझे वडील?"

"ईदला आले होते. पेटीवर हात फिरवला. रंग चांगला बसलाय म्हणाले. चहा घेतला आणि गेले."

सत्तावीस वर्षांचा होतो. नव्याने वाचलेले सारे नियम मला सुरीसारखे धारदार दिसत असत. माझ्या हातून हे घडणे मला पूर्णपणे पटते. कारण समजते, लांबीचा पत्रासुद्धा कोणत्या हातात धरला असेल ते सांगता येते. फक्त आठवत नाही! त्या दिवसाच्या जागी काहीही नाही. वरून कोरे.

"डॉक्टरांसमोर का बोलली नाहीस? मी समोर बसून तुला खोटे पाडले."

"काय बोलणार? तुम्हीच बुजवलेत म्हणून? सगळ्यांसमोर? तालिब लगेच तुमच्याकडे वळला असता." मग, पदराच्या टोकाशी खेळत — "पेटीचा विषय मी तुमच्याकडेच काढला होता, फक्त तुमच्याकडे. तुम्हाला आठवतंय का बघायला. तो तुम्ही तालिबला सांगितलात. त्याला वाटलं, अम्मी बरळते. मला वाटलं, वाटू दे."

"आणि दूध?"

ती उठली. "भाकरी गार होतेय."

५ डिसेंबर, गुरुवार

ही वही पहिल्यापासून वाचली.

एकवीस नोव्हेंबर: दूध गॅसवर ठेवून गॅलरीत आलो. माझे अक्षर. बावीस नोव्हेंबर: तिच्या हातून दूध जळाले. तेही माझेच अक्षर, शाईसुद्धा तीच.

सव्वीस: पाण्यापासून जपा, असे बाई दोनदा म्हणाल्या. अठ्ठावीस: बाईंवर संताप.

खणातल्या हातमोज्यांच्या पिशवीत दुकानाची चिठ्ठी होती. तारीख एक डिसेंबर, रविवार. तालिब त्या दिवशी मुंबईला होता. रंगनाथशेठना फोन केला. "काका, तुम्हीच नेलात की! मी म्हटलंसुद्धा, कालच नेला ना? तुम्ही म्हणालात, एक बोट कापलं." एक डिसेंबरची नोंद वहीत नाही.

खोटी साक्ष किती मोठा गुन्हा आहे, हे मी मशिदीत दर शुक्रवारी वर्षानुवर्षे समजावून सांगितले. जाणून दिलेली साक्ष, एवढीच खोटी साक्ष माझ्या कल्पनेत होती. न जाणता दिलेलीही असते. ऐकणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात, आणि घर जिचे मोडायचे तिचे तितकेच मोडते.

अमिनाबी पोपटांपाशी बसली होती. हातमोजा पुढे केला. "लेप अजून आहे कोपऱ्यात, घालून घे." ऐकले नाही. ओल्या फडक्याने कोपरा पुसून घेतला आणि उघड्या बोटांनी रुसलेल्याची मान चाचपत राहिली.

६ डिसेंबर, शुक्रवार

तालिबला बोलावले. पेटी दाखवली, मग वही दाखवली. त्याने ती वाचून मिटली. आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अम्मी, तू मला सांगायचंस तरी!" ती म्हणाली, "तू ऐकून घेतोस कधी? तुझ्या बापावर गेलायस." मग दोघेही हसले. माझ्याकडे मात्र कोणी पाहिले नाही. त्यांची दया मला कळली.

७ डिसेंबर, शनिवार

दवाखान्यात स्वतः फोन केला. बारा तारखेची वेळ तशीच ठेवा, फक्त रुग्णाचे नाव बदला, असे सांगितले. तिकडच्या मुलीने शमशुद्दीन हे नाव दोनदा विचारून लिहून घेतले.

"सोबत कोण येणार, काका?"

"माझी पत्नी. तिला सगळे आठवते."